पत्ता न सांगणारी फळी

ज्या वर्षी होड्या बांधणाऱ्या सुताराच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले, त्या वर्षी मला होडीतून उपटून काढले. लग्नाला माणसे फार आणि बसायला बाके थोडी. सुताराने वाळूत उताणी पडलेली एक म्हातारी होडी पाहिली, पहार घेतली आणि दोन दिवसांत तिच्या फळ्यांची सहा बाके ठोकली. आयुष्यभर पाण्यात राहिलेली मी अशी एकाएकी अंगणात आले, आणि नवरदेवाचे वजनदार मामा माझ्यावर बसले. मी कुरकुरले, पण वाकले नाही. ही माझी पहिली ओळख समजा.

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. माझ्या अंगाला चिरा आहेत, एक कोपरा उडालेला आहे आणि होडीच्या वेळचे दोन लोखंडी खिळे अजून माझ्या पोटात आहेत. ते काढायचा प्रयत्न तीनदा झाला. निघाले नाहीत, आणि ते बरेच झाले. का, ते पुढे येईल. म्हातारपणी आपली हकीकत सांगताना पुष्कळजण डोळे पुसतात. मी पुसणार नाही. मला जे सांगायचे आहे ते मी उभ्याने सांगणार आहे, कारण आजही मी उभीच आहे.

मी कोणत्या झाडाची, हे मला आठवत नाही. करवत मात्र आठवते. सुताराच्या बापाने मला रंधून गुळगुळीत केले आणि होडीच्या पोटाला, खालून तिसऱ्या जागी बसवले. सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस कोंबला. सर्वांत वरच्या फळीवर होडीचे नाव होते, लाल रंगात, मोठ्या अक्षरांत. तिचा तोरा काय सांगू. लोक तिच्याकडे पाहून होडी ओळखत. मी पाण्याखाली. माझ्यावर ना नाव, ना रंग. फक्त डांबर आणि चिकटलेले शिंपले. पण बावीस वर्षे समुद्र माझ्यावर आपटत राहिला आणि मी एक थेंब आत येऊ दिला नाही. त्याबद्दल मला कुणी शाबासकी दिली नाही. जी फळी गळत नाही, तिची आठवण कुणाला होत नाही.

लग्न आटोपले. थोरली नवऱ्याबरोबर तीन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. बाकांचे सरपण झाले. मी तेवढी उरले, कारण माझ्यातले खिळे पाहून सुतार म्हणाला, "हिच्यावर घाव घातला तर कुऱ्हाडीचंच तोंड जायचं." त्याने मला जाळ्यांच्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवले आणि विसरून गेला.

त्या खोलीच्या दारात आत्या बसायची. ती सुताराची मोठी बहीण. पण साऱ्या किनाऱ्याची ती आत्याच होती. फाटलेली जाळी सांधणे हे तिचे काम. पाय पसरून, जाळ्याचा वरचा दोर पायाच्या अंगठ्याला अडकवून ती लाकडी सुई चालवायची. हात आपले आपण चालत आणि डोळे समोरच्या वाळूवर असत. त्या वाळूवर चाळीस वर्षांत तिने जे पाहिले, ते दुसऱ्या कुणी पाहिले नव्हते. कोणते पाखरू ओहोटीबरोबर येते, कोणते थंडी संपली की जाते, कुणाची चोच वाकडी, कोण एका पायावर झोपते, सारे तिला पाठ. नावेही तिची तिनेच ठेवलेली. चिखलातल्या प्रत्येक भोकात चोच घालून पाहणाऱ्या एका पाखराला ती ‘तपासनीस’ म्हणायची.

रोज सकाळी निवृत्त पोस्टमनकाका तिथून जात. तीस वर्षे दारोदार हिंडल्यावर त्यांना घरी बसवेना, म्हणून गळ्यात दुर्बीण अडकवून ते आता पाखरांच्या दारी जात.

"काय विशेष, आत्याबाई?"

"तपासनीस आले होते. नऊ. त्यातला एक लंगडतो."

काका ते वहीत लिहीत. एकदा लिहिता लिहिता थांबून ते म्हणाले, "तुमचं हे सगळं माझ्या वहीत कोंडून पडतंय. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता यायला हवं." त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि त्यांना मी दिसले.

त्यांनी मला वाळूने घासले आणि काळ्या रंगाचे दोन हात दिले. पांढऱ्या रंगाने चार रकाने आखले: काय दिसले, किती, कुठे, कुणी पाहिले. मग मला जाळ्यांच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर टांगले. अर्धे आयुष्य उलटल्यावर, मित्रांनो, माझ्या अंगावर पहिले अक्षर उमटले. होडीचे नाव मिरवणारी ती वरची फळी तोवर चुलीत गेली होती. मी तिला हसले नाही. पण मान थोडी वर केली.

आत्याला लिहिता येत नव्हते. ती सांगायची आणि काका माझ्यावर खडूने लिहायचे. शेवटच्या रकान्यात तिच्या नावाऐवजी जाळ्याची एक गाठ काढायचे. एक दिवस बाहेरगावचा कुणी पक्षी पाहणारा आला. ती गाठ पाहून म्हणाला, "ही खूण कुणाची? नाव नाही तर असल्या नोंदी कोण खऱ्या मानणार?" आत्या दारातच बसली होती. दुसऱ्या दिवशी काका आले तशी तिने हात पुढे केला.

"खडू द्या इकडे. शिकवा."

"बरं. कुठल्या अक्षरापासून?"

"चिखल्याच्या."

चिखल्या तुम्ही पाहिला नसेल, म्हणून सांगते. मुठीत मावेल एवढा, वाळूच्याच रंगाचा पक्षी. गळ्याशी काळा पट्टा, तोही अर्धवट ओढलेला. चार पावले पळतो, थबकतो, पुन्हा पळतो, जणू घरी काही विसरून आला आहे. त्याचे घरटे म्हणजे वाळूत छातीने घासून केलेला वाटीएवढा खळगा. त्यात तीन अंडी, वाळूसारखीच, बारीक ठिपक्यांची. पायाखाली येईपर्यंत ती दिसत नाहीत, आणि पायाखाली आल्यावर दिसून उपयोग नसतो.

आत्या लिहायला शिकली ती आपल्याच रीतीने. मुले आधी अक्षरे काढतात आणि वरची रेघ शेवटी ओढतात. आत्या आधी लांब, सरळ रेघ ओढायची आणि मग तिला एकेक अक्षर खाली अडकवत जायची.

"रेघ शेवटी, आत्याबाई," काका म्हणायचे.

"दोर बांधल्याशिवाय जाळं कशाला टांगू?"

"अहो, पण शब्द किती लांब होणार ते आधीच कसं कळायचं?"

"जाळं किती लांब होणार ते मला आधी कळतं. शब्द काय त्याच्याहून मोठा आहे?"

काकांनी हात टेकले. तिची अक्षरे वाकडीतिकडी असत, काही तर उलटी लोंबत. पण तिने ओढलेली एकही रेघ माझ्यावर कधी वाकडी आली नाही. त्या वर्षी ती एकसष्ट वर्षांची होती.

आता जे सांगायचे ते मला आवडत नाही, तरी सांगते.

काकांचा एक नियम होता आणि तोच आमच्या अंगाशी आला. जन्मभर टपाल वाटलेला माणूस तो. ते म्हणायचे, "पत्ता नाही तर पत्र नाही. जागा नाही तर नोंद नाही." ‘कुठे’ हा रकाना रिकामा दिसला की ते अख्खी ओळ पुसून टाकत. आणि आत्या नव्याने लिहू लागलेली. अर्धवट लिहिणे तिला माहीतच नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात तिने माझ्यावर, आधी रेघ ओढून, लिहिले: चिखल्या. दोन. अंडी तीन. तुटक्या धक्क्यापासून खाडीकडे चाळीस पावले, निळ्या दोराच्या तुकड्यापाशी. पाहिले, आत्या.

ती तिची एकटीने लिहिलेली पहिली पूर्ण ओळ. काकांनी डोक्यावरची टोपी काढली. संध्याकाळपर्यंत सुतार, थोरली, थोरलीचा नवरा, सगळे येऊन वाचून गेले. लाकूड पाण्याशिवाय फुगत नाही म्हणतात. मी फुगले होते.

रविवारी माणसे आली. ती वाईट नव्हती, हे नीट ऐका. दगड मारणारी नव्हती, अंडी चोरणारी नव्हती. त्यांनी मला वाचले, चाळीस पावले मोजली आणि खळग्याभोवती हळू आवाजात बोलत उभी राहिली. कॅमेरे निघाले. एक घोळका गेला की दुसरा यायचा. चिखल्याची मादी पंख मोडल्याचे सोंग करून वाळूत सरपटत राहिली, माणसांना अंड्यांपासून दूर न्यायला. माणसे म्हणाली, "किती गोड," आणि तिचेही फोटो काढले. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत तिला अंड्यांवर बसता आले नाही. त्या वेळी त्या वाळूवर अनवाणी पाऊल टेकवत नव्हते. अंड्यांवर सावली धरायला कुणी नव्हते.

आत्या दारातच होती. तिने ती गर्दी पाहिली. आपण लिहिलेले वाचून इतकी माणसे आली, म्हणून ती खूश होती. तिने येणाऱ्यांना प्यायला पाणीसुद्धा दिले.

पंचविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर यायला हवी होती. आली नाहीत. तिसाव्या दिवशीही मादी बसून होती. पस्तिसाव्या दिवशी तीही उठून गेली. आत्या चाळीस पावले चालत गेली, परत आली, आणि ओल्या फडक्याने ती ओळ पुसली. खडू निघाला, पण रेघ तिने इतकी दाबून ओढली होती की तिचा ओरखडा राहिला. तो अजून माझ्यावर आहे.

मी लाकूड, मला काय कळते, माझ्यावर जे लिहिले ते मी अंगावर घेतले, असे म्हणून मला सुटता आले असते. मी तसे म्हणणार नाही. वाट मीच दाखवली होती. त्या दिवशी मी मनाशी ठरवले, पुन्हा दाखवणार नाही. मग माझा सरपण म्हणून उपयोग झाला तरी चालेल.

पुढच्या वर्षी चिखल्या परत आले. पाखरांना आपला राग धरता येत नाही, हे आपले नशीब. आत्याने माझ्यावर लिहिले: चिखल्या. दोन. अंडी तीन. मग ‘कुठे’च्या रकान्यात तिने एक सरळ रेघ ओढली आणि तिला एकही अक्षर टांगले नाही.

काकांनी वाचले. "इथलं राहिलं, आत्याबाई."

"राहिलं नाही. ठेवलंय."

"जागा नाही तर नोंद नाही. नियम आहे आपला."

"मग पुसा. चिखल्या काय फळा वाचून अंडी घालतो?"

"लोक म्हणतील, म्हातारी मनाचं लिहिते."

"म्हणू देत." आत्याने सुई खाली ठेवली. "काका, तुम्ही तीस वर्षं लोकांच्या दारात गेलात. सगळ्यांचे पत्ते तुम्हाला तोंडपाठ. कधी कुणाच्या खिडकीतून आत डोकावलात?"

"छे. कसा डोकावेन?"

"का नाही?"

काका निघून गेले आणि आठ दिवस फिरकले नाहीत. नवव्या दिवशी आले, खडू उचलला आणि त्या रिकाम्या रेघेखाली बारीक अक्षरांत शेरा मारला: मी जागा विचारली नाही. खाली सही. आत्याने वाचले, ओठांत हसली आणि त्यांना बसायला जाळ्याची घडी पुढे सरकवली.

त्याच आठवड्यात ट्रॅक्टर आला. फिरायला येणाऱ्या पाहुण्यांचा हंगाम तोंडावर होता आणि नगरपालिकेला सगळी वाळू सपाट, स्वच्छ हवी होती. ट्रॅक्टरच्या मागे हातभर लांब लोखंडी दातांचे रुंद दंताळे. ते वाळू नांगरत जायचे आणि मागे कागदासारखी कोरी वाळू ठेवायचे. ट्रॅक्टर चालवणारा कोण, तर थोरलीचा नवरा, सुताराचा जावई. महिनाभरापूर्वीच तो नोकरीत कायम झाला होता. त्याच्यावर मुकादम.

मुकादम दुष्ट नव्हता. घाईत होता, आणि कधीकधी त्याने जास्त नुकसान होते. तो जाळ्यांच्या खोलीशी आला आणि खिशातून कागद काढला.

"आत्या, वरून आलंय. पक्ष्यांची अंडी असतील तर जागा लेखी कळवायची, तेवढी सोडण्यात येईल. कुठे ते सांगा. चार खुंट्या ठोकतो, लाल झेंडा लावतो, बाकीचं उद्या सपाट करतो."

मित्रांनो, पेच कळला ना? सांगितले तर झेंडा लागणार. झेंडा पाहून माणसे येणार, आणि माणसांच्या आधी कावळे येणार. कावळ्यांना झेंड्याचा अर्थ लवकर कळतो. नाही सांगितले तर दंताळे. वाळूत तीन अंडी होती आणि ती फुटायला अजून अकरा दिवस होते.

"कुठे?" मुकादमाने पुन्हा विचारले.

"तुटक्या धक्क्यापासून खाडीच्या तोंडापर्यंत."

"एवढी सगळी वाळू? अंडी किती आहेत?"

"तीन."

"तीन अंड्यांना अर्धा किनारा?"

"तुमच्या घरात माणसं किती?"

"आम्ही तिघं."

"आणि खोल्या?"

मुकादमाने कागदाची घडी घातली. "उद्या सकाळी आठ वाजता ट्रॅक्टर येणार," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी आत्याने मला भिंतीवरून उतरवले. सुतार कामावरून आला होता. तो दारातच अडून उभा राहिला.

"ताई, जावई आहे तो आपला. महिना नाही झाला कायम होऊन. उद्या त्याला काढून टाकलं तर थोरलीला काय तोंड दाखवू?"

"मी त्याला थांब म्हणणार आहे. मर म्हणत नाही."

"आणि नाही थांबला तर?"

"थांबेल. शहाणा मुलगा आहे. तुझ्यावर गेलेला नाही."

सुताराने मिशीवरून हात फिरवला. मग, सांगताना मला अजून बरे वाटते, त्यानेच दोन जाड खांब आणले, खाली तासून त्यांना टोके केली आणि मला त्यांच्यावर आडवी ठोकली. "खिळे काढू का जुने?" त्याने विचारले. दोनदा पकड लावली, ओढून पाहिले, घाम पुसला. "राहू देत," आत्या म्हणाली.

रकान्यांची काळी बाजू मागे गेली. माझ्या कोऱ्या पाठीवर आत्याने होड्यांच्या लाल रंगाने लिहिले, तोच लाल रंग, जो वरच्या फळीला मिळायचा. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ. मग एकेक अक्षर टांगत: इथून पुढे कुणाचे तरी घर आहे. कुठे ते विचारू नये.

सकाळी तुटक्या धक्क्याच्या पायथ्याशी, जिथून ट्रॅक्टरला वाळूत उतरावे लागते, तिथे मला रोवले. आत्या माझ्या उजव्या अंगाला पाय पसरून बसली, दोर अंगठ्याला अडकवला आणि जाळे सांधायला लागली.

आठ वाजता ट्रॅक्टर आला. जावई वरून म्हणाला, "आत्या, बाजूला व्हा ना. साहेब मागून येतायत."

"या जावईबापू. चहा घेणार?"

"आत्या, चेष्टा नका करू."

"चेष्टा कसली? जावई म्हणून आलात तर चहा आहे. ट्रॅक्टरवाले म्हणून आला असाल तर समोर लिहिलंय, वाचा."

त्याने मला वाचले, मोठ्याने नाही, नुसते ओठ हलवून. मग इंजिन बंद केले.

मुकादम धापा टाकत आला. "काय झालं? का थांबलास?"

"पुढे लाकूड आहे, साहेब. त्यात खिळे आहेत, दंताळ्याचे दात जातील."

"तुला काय माहीत खिळे आहेत ते?"

"माझ्या लग्नात माझे मामा याच फळीवर बसले होते. पाहुण्यांसमोर विजार फाटली त्यांची."

"मग बाजूने घे."

"बाजूला आत्या आहेत."

"दुसऱ्या बाजूने घे रे."

जावई खाली उतरला. "किल्ली लावलेली आहे, साहेब," तो म्हणाला. "मला जमणार नाही."

मुकादम स्वतः वर चढला. त्याने माझ्या डाव्या अंगाने, पाण्याच्या बाजूने ट्रॅक्टर घातला. चाक वीतभर अंतर ठेवून बरोबर गेले. पण मागचे दंताळे चाकांहून रुंद असते. हे चालवणाऱ्याला माहीत असते. हुकूम देणारा विसरतो. शेवटचा दात माझ्या कोपऱ्यात घुसला. कडकन आवाज झाला, कोपरा उडाला, आणि दात आत सरकत माझ्या जुन्या खिळ्याला भिडला. बावीस वर्षे समुद्राने जे खिळे ढिले केले नाहीत, ते दंताळ्याला ऐकणार होते का? तो दात तुटला. शेजारचा वाकला. पाठोपाठ दंताळ्याचा दांडा पिळवटला आणि ट्रॅक्टर धक्का खाऊन बंद पडला.

मी कलले. पडले नाही.

आत्या जागची उठली नव्हती. तिने हातातली गाठ पुरी केली, दोर दाताने तोडला आणि म्हणाली, "चहा तुम्हालाही देते, मुकादम. उतरा खाली."

दंताळ्याचे सुटे भाग दूरच्या शहरातून यायचे होते. त्याला बारा दिवस लागले. ते बारा दिवस जावयाला ट्रॅक्टरवरून काढून रस्ता झाडायला लावले. थोरली तीन दिवस आत्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी डबा घेऊन आली, माझ्याशेजारी ठेवला आणि म्हणाली, "झाडू छान मारतात ते. घरी कधी मारत नव्हते."

आत्या रोज उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत माझ्यापाशी बसायची. खाडीच्या टोकाला काका बसायचे. कुणी कॅमेरावाला येऊन "घरटं कुठे आहे हो?" म्हणाला की काका म्हणत, "मी पोस्टमन होतो. पत्र असेल तर द्या, पोचवतो. पत्ता मिळणार नाही."

अकराव्या दिवशी सकाळी आत्याची सुई थांबली. तिने डोळे बारीक करून वाळूकडे पाहिले. मग पुन्हा सुई चालवू लागली, पण तिच्या हाताचा वेग मला माहीत होता. तो दुप्पट झाला होता.

बाराव्या दिवशी ट्रॅक्टर परत आला. वर जावईच होता, कारण दुसऱ्या कुणाला तो चालवता येत नव्हता, हे मुकादमाला चांगले कळले होते.

"आता तरी सांगा आत्या," मुकादम म्हणाला. "कुठे?"

"आता मलाही माहीत नाही. ती पळतात."

"साहेब," जावई वरूनच हळू म्हणाला, "चाकापुढं बघा."

चाकाच्या जुन्या चाकोरीत एक पिल्लू बसले होते. अक्रोडाएवढे, आगकाडीसारखे पाय, अंग वाळूत दाबून निश्चल. मुकादम वाकला. तेवढ्यात मादी त्याच्या पायापाशी पंख टाकून सरपटू लागली.

"हिला लागलंय का?"

"नाही," आत्या म्हणाली. "तुम्हाला तिकडे नेतेय."

मुकादम उकिडवा बसला. मादी सरपटत दूर गेली, उठली, परत आली, पुन्हा पंख टाकला. तीनदा. त्याला घाई होती, तरी तो बसून राहिला. चाकोरीतले पिल्लू एकाएकी उठून पळाले, आणि कुठे गेले ते आम्हा कुणालाच दिसले नाही.

"किती दिवस?" त्याने विचारले.

"उडेपर्यंत. महिनाभर."

"वर काय लिहून देऊ मी?"

"लिहा, तुटक्या धक्क्यापासून खाडीच्या तोंडापर्यंत."

त्याने लिहिले. काकांच्या वहीत नोंद आहे की त्या दिवशी नगरपालिकेने ती वाळू दिली. मी म्हणते, दिली नाही. आम्ही घेतली.

त्यानंतर दर उन्हाळ्यात दंताळे धक्क्यापाशी येऊन मागे वळते. मला पुन्हा कुणी भिंतीवर टांगले नाही. मी तिथेच राहिले. माझी लाल बाजू वाटेकडे आणि रकान्यांची काळी बाजू समुद्राकडे. मधे काही वर्षे मला कुणी विचारले नाही. नगरपालिकेने माझ्याशेजारी नवी चकचकीत पाटी लावली. तिच्यावर चिखल्याचे रंगीत चित्र होते आणि खाली मोठा बाण, घरट्यांच्या दिशेने. आत्याने तो बाण दुसऱ्याच दिवशी काळ्या रंगाने बुजवला. मुकादमाने विचारले तेव्हा म्हणाली, "पाटी छान आहे. बोट दाखवायची सवय तेवढी मोडली." दोन पावसाळ्यांत पाटी पिवळी पडून वाकली. मी आहे.

मित्रांनो, आता माझी मागणी. विनंती म्हणा हवे तर, पण मी हात जोडणार नाही. मला हात नाहीत. किनाऱ्यावर एखादे पाखरू पंख मोडल्यासारखे तुमच्यापुढे सरपटले, तर त्याला गोड म्हणू नका. ते तुम्हाला जा म्हणते आहे. ज्या पावलांवरून आलात, त्याच पावलांवरून मागे फिरा. कुत्रा असेल तर दोरी आखडून धरा. पाहा, मोजा, लिहा, जरूर लिहा. आत्याने एकसष्टाव्या वर्षी लिहिले, तुम्हाला काय झाले? पण घरटे कुठे ते लिहू नका. कुणी म्हणेल, जागेशिवाय नोंद अपुरी आहे. असू दे अपुरी. आणि मोठी माणसे दंताळे घेऊन आली आणि विचारू लागली की तीन अंड्यांना एवढी जागा कशाला, तर त्यांना त्यांच्या खोल्या मोजायला सांगा. रंग उडाला, कोपरा उडाला, तरी उभे राहता येते. मी पाहा.

माझ्या काळ्या बाजूवरची शेवटची नोंद आत्याचीच आहे. तिचा हात तेव्हा फार कापत होता. थोरली खडू धरून देत होती. चिखल्या. आठ. पिल्ले पाच. ‘कुठे’च्या रकान्यात फक्त रेघ, आणि ती सरळ आहे.

पोस्टमनकाका त्याच्या आधीच्या हिवाळ्यात गेले. आत्या वारली ती थोरलीच्या लग्नाला एकोणीस वर्षे झाली त्या वर्षी, पाचवे पिल्लू उडाल्यानंतर चौथ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, जाळ्यांच्या खोलीच्या दारात.